दादांची गणती

ह्या वार्षिकाच्या संपादकांनीं आम्हां जुन्या विद्यार्थ्यांकडे शाळेच्या दिवसांतील एखादी आठवण मागितली, तेव्हां आमच्या डोळ्यांपुढें प्रथम जी मूर्ति उभी राहिली ती कोणा शिक्षकाची नव्हती. ज्यांचें नांव शाळेच्या पगारपत्रकांत कधींही नव्हतें अशा एका गृहस्थांची ती होती. ह्याबद्दल आमचे गुरुजन आम्हांस क्षमा करोत. शाळेच्या बालवीर पथकाचे ते नायक होते. त्यांस आम्ही सर्वजण 'दादा' म्हणत असूं, आणि येथेंही त्याच नांवानें त्यांचा उल्लेख करणार आहों. लेखणी एकाची असली तरी आठवण चोवीस जणांची आहे.

दादा पुण्यांतील एका छापखान्यांत खिळे जुळविण्याचें काम करीत. अंगानें किरकोळ, बोलणें हळू, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, आणि बोटांच्या पेरांत कायमची मुरलेली शाई. शनिवारीं दुपारीं काम आटोपून ते सायकलीवरून शाळेच्या पटांगणांत येत, तेव्हां त्यांच्या खाकी सदऱ्यालाही रॉकेलचा वास येत असे. कारण छापून झाल्यावर खिळे रॉकेलनें धुवावे लागतात. पथकाचा नायक म्हणजे कोणी धिप्पाड, करड्या आवाजाचा पुरुष असावयाचा, अशी आमची समजूत होती. त्यामुळें पहिल्या दिवशीं आमची थोडी निराशाच झाली.

त्याच दिवशीं त्यांनीं आम्हांस बालवीर चळवळीचा इतिहास सांगितला. बेडन-पॉवेल यांनीं १९०७ सालीं इंग्लंडांतील ब्राउनसी बेटावर वीस मुलांची छावणी भरविली. १९०८ सालीं आपलें प्रसिद्ध पुस्तक लिहिलें. १९०९ सालीं ही चळवळ हिंदुस्थानांत आली. आरंभीं येथील हिंदी मुलांस तींत प्रवेश नव्हता. आणि पुढें निरनिराळ्या संस्था एकत्र होऊन १९५० च्या नोव्हेंबरांत 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही एक संस्था झाली. इतकें सांगून दादा म्हणाले, "सालें विसरलांत तरी चालेल. पण वीस मुलें नेलीं आणि वीस परत आणलीं, एवढें लक्षांत ठेवा. नायकाचें पहिलें काम तें."

आमचें पथक चोवीस मुलांचें होतें. आठ-आठांच्या तीन तुकड्या, आणि प्रत्येकास एक अंक दिलेला. शिटी वाजली कीं रांगेंत उभें राहून एकापासून चोवीसपर्यंत अंक म्हणावयाचे. खेळापूर्वीं गणती, खेळानंतर गणती; पाणी प्यावयास गेलों तरी परत आल्यावर गणती. दुसऱ्या शाळेच्या पथकांतील मुलें शिड्या बांधीत, झेंड्यांनीं निरोप पाठवीत. आम्ही मात्र आपले अंकच म्हणत बसलेलों! पाठीमागें आम्ही दादांस 'मोजणीदार' म्हणत असूं. हें त्यांच्या कानीं गेलें असावें. एके दिवशीं त्यांनीं खिशांतून चार खिळे काढून आमच्या तळहातांवर ठेविले व म्हणाले, "मराठी छापावयाची म्हणजे कान्यामात्रा, वेलांट्या, जोडाक्षरें मिळून शेंकडों प्रकारचे खिळे लागतात. ह्यांतील एक अनुस्वार हरवला तरी वाक्य वाचतां येतें. वाचणाराला कदाचित् कळणारही नाहीं. पण जुळविणाराला कळतें कीं, येथें एक जण असावयास हवा होता."

१९६० सालच्या हिंवाळ्यांत दादांनीं आम्हांस सिंहगडावर नेलें. १६७० सालीं तानाजी मालुसरे जेथें पडले त्या गडावर उभें राहून त्यांनीं ती हकीकत सांगितली. मग खालीं पसरलेला खडकवासल्याचा जलाशय दाखवून म्हणाले, "तुमच्या घरच्या नळाला येतें तें पाणी हें." आम्ही पिठलें-भाकरी खाल्ली, देवटांक्याचें थंड पाणी प्यालों, आणि उन्हें कलतां उतरावयास निघालों. पुणें दरवाजाशीं गणती झाली. सोळानंतर एकदम अठरा! सतरा देवटांक्याजवळ सावलींत झोंपीं गेला होता. दादा एकटे पुन्हां वर चढून गेले आणि त्यास घेऊन आले. त्यास ते एक अक्षरही बोलले नाहींत. ते वळले सोळा व अठरा ह्यांच्याकडे. "तुम्हां दोघांच्या मध्यें जागा रिकामी होती. ती तुम्हांस दिसली नाहीं?" दोघांनीं माना खालीं घातल्या. त्या दिवसापासून आपल्या आधींचा व आपल्या नंतरचा कोठें आहे हें प्रत्येकानें सांगावयाचें, असा पथकाचा नियम झाला.

पुढें आम्हीं जें केलें तें समजावें म्हणून हा नियम येथें सांगितला.

१९६१ सालच्या जुलै महिन्याची १२ तारीख, बुधवार. मुठेस मिळणाऱ्या आंबी नदीवर पानशेत येथें धरणाचें काम चालू होतें. तें पुरें होण्यापूर्वींच पावसाचें पाणी त्यांत सांचलें. लष्कराच्या जवानांनीं वाळूचीं पोतीं रचून तें वांचविण्याचा यत्न केला. परंतु बुधवारीं सकाळीं धरण फुटलें, आणि त्या लोंढ्यापुढें खालचें खडकवासल्याचें जुनें धरणही टिकलें नाहीं. आम्ही वर्गांत होतों. नदी चढत आहे असें कळतांच शाळा सोडण्यांत आली. ज्यांचीं घरें नदीकांठीं होतीं त्या मुलांस शाळेंतच थांबवून घेतलें. शाळा उंचावर असल्यानें तेथें भय नव्हतें. इतक्यांत दादा सायकल दामटीत आले. त्यांनीं शिटी वाजविली. जीं मुलें घरीं जाऊं शकलीं असतीं तींही थांबलीं होतीं, कारण पथकास कांहीं काम मिळेल अशी आम्हांस आशा होती. गणती सुरू झाली. दहा... बारा.

अकरा कोठें गेला हें आम्हां सर्वांस ठाऊक होतें. पाणी पाहावयास तो लकडी पुलाकडे पळाला होता, आणि कोणास सांगणार नाहीं अशी शपथ त्यानें आमच्याकडून घेतली होती. दादांनीं दहा व बारा ह्यांच्याकडे पाहिलें. "ठाऊक नाहीं, दादा," असें दोघे म्हणाले. बाकीचे एकवीस जण उगी राहिलों. घेतलेली शपथ पाळणें हा बालवीराचा धर्म, अशी आम्हीं आपल्या मनाची समजूत घातली. परंतु खरें कारण भीति होती. आम्हीही त्याच्या मागोमाग जाणार होतों, हें उघड झालें असतें.

"मी येईपर्यंत कोणीं हलूं नये," एवढें बोलून दादा निघून गेले. अकराचें घर कसब्यांत होतें. ते तिकडे गेले. म्हणजे पुलाच्या वाटेस न लागतां भलत्याच दिशेस गेले. आणि पाव तासांत अकरा मागच्या बोळानें हांसत परत आला! पुलावर कोणास जाऊं देत नाहींत म्हणून तो हिरमुसून वळला होता. आतां दादांस कळवावें कसें? कोणास पाठवावें, तर हलूं नये अशी आज्ञा. आणि ते कोणत्या गल्लींत असतील हें कोण सांगणार? खालून माणसांचा कोलाहल ऐकूं येऊं लागला. लकडी पूल पाण्याखालीं गेला असें कोणी सांगत आलें. आम्ही चोवीसजण पायऱ्यांवर बसून होतों. कोणी कोणाशीं बोलत नव्हता.

दोन वाजून गेल्यावर दादा आले. छातीपर्यंत चिखल, सायकल नाहीं, चष्मा नाहीं. त्यांनीं रांग लावावयास सांगितलें. दहा. अकरा. तो आवाज ऐकतांच दादांनीं डोळे मिटले. गणती पुढें चालली. चोवीस झाल्यावर ते हळूच "चोवीस" म्हणाले आणि पायरीवर बसले. अकरा कधीं आला, कोठून आला, हें त्यांनीं विचारलें नाहीं.

त्या रात्रीं आकाशांत चंद्र नव्हता आणि गांवांत दिवे नव्हते. खडकवासलें गेल्यामुळें नळही कोरडे पडले. पुढचे कित्येक दिवस आमच्या पथकाचें काम एकच होतें. विहिरींवरून पाणी शेंदून वाड्यावाड्यांतील म्हाताऱ्या माणसांस पोहोंचविणें. दादा प्रत्येक खेपेस गणती घेत. आतां त्यास कोणी हांसत नसे.

पंधरवड्यानें आम्ही दादांच्या बिऱ्हाडाचा गाळ काढावयास गेलों. नारायण पेठेंत नदीच्या बाजूस तळमजल्यावर त्यांची खोली होती. तेथें आम्हांस प्रथमच कळलें कीं, दादांनीं कर्ज काढून एक जुनें ट्रेडल यंत्र आणि खिळ्यांच्या केसी विकत घेतल्या होत्या. दसऱ्यास ते स्वतःचा छापखाना उघडणार होते. केसींच्या फळ्या फुगून फुटल्या होत्या आणि खिळे गाळांत मिसळले होते. आम्हीं तीन दिवस तो गाळ चाळण्यांनीं चाळला. जे खिळे सांपडले ते रॉकेलनें धुतले. ते दोन डबेही पुरते भरले नाहींत. वाड्यांतील एक आजीबाई पाहत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे पोरांनो, त्या सकाळीं सगळ्यांनीं आपापलें सामान माडीवर नेलें. तुमच्या दादांनाही वेळ होता. किती हांका मारल्या आम्हीं! कोठें गेले होते कोण जाणे."

आम्हांस ठाऊक होतें. आम्हीं एकमेकांकडे पाहिलें नाहीं. हातांतल्या चाळण्या मात्र थांबल्या.

यंत्र मोडीच्या भावानें गेलें. पूरग्रस्तांसाठीं उभारलेल्या अर्धगोल पत्र्याच्या घरांत दादा पुढें कांहीं वर्षें राहिले, दुसऱ्याच्या छापखान्यांत खिळे जुळवीत राहिले आणि कर्ज फेडीत राहिले. शनिवारीं ते शाळेंत येत. नवा चष्मा आला, सायकल मात्र आली नाहीं. ते चालत येत. आमच्यापैकीं कोणींही त्यांस खरें सांगितलें नाहीं. आज सांगूं, उद्यां सांगूं असें म्हणतां म्हणतां आम्ही शाळा सोडून गेलों.

१९७४ सालीं दहाचें लग्न ठरलें. पत्रिका द्यावयास आम्ही पांच-सहाजण दादांकडे गेलों. अकराही बरोबर होता. चहा झाला, आणि दहानेंच तोंड उघडलें. त्या बुधवारची सर्व हकीकत त्यानें सांगितली. आम्ही माना खालीं घालून बसलों होतों. दादा कांहीं वेळ पत्रिकेवरची छपाई न्याहाळीत होते. मग म्हणाले, "मला तें त्याच दिवशीं कळलें होतें. जन्मभर उलटीं अक्षरें वाचणारा माणूस मी. तुमचे चेहरे मला वाचतां येणार नाहींत काय? रांगेंत तुम्ही कोणीच त्याच्याकडे पाहत नव्हतां."

"मग तुम्ही रागावलां कां नाहीं, दादा?" अकरानें विचारलें.

"रागावलों होतों," दादा म्हणाले. "पुष्कळ दिवस रागावलों होतों. पण खिळे काय, मुंबईस ओतून मिळतात." आणि त्यांनीं पत्रिकेंतील एक चूक बोटानें दाखविली.

दादा आतां ह्या जगांत नाहींत. चोविसांपैकीं आम्ही पंधराजण उरलों आहों. वर्षांतून एकदां, जुलैच्या १२ तारखेस, शाळेच्या पटांगणांत आम्ही जमतों आणि म्हाताऱ्या आवाजांत गणती घेतों. ज्याचा अंक रिकामा असेल, त्याचें नांव आधींच्यानें व नंतरच्यानें मिळून घ्यावयाचें, अशी आमची रीत आहे. दहा गेल्या वर्षीं गेला. त्याचें नांव नऊ आणि अकरा घेतात.

विद्यार्थिमित्रहो, आमच्या लहानपणीं आम्हांस वाटे कीं, मित्राचें गुपित राखणें म्हणजे मित्रास राखणें. त्या दोन गोष्टी एक नव्हेत, हें शिकावयास आम्हांस एका गरीब माणसाचा छापखाना लागला. तुम्हांस तितकी किंमत पडूं नये म्हणून हें लिहिलें. आणि पालकहो, शनिवारीं सायंकाळीं तुमचीं मुलें खेळून सुखरूप घरीं येतात, तेव्हां पटांगणांत मागें राहून कोणी तरी तीं मोजलेलीं असतात. त्या माणसाची कधीं तरी विचारपूस करा. आमच्या दादांची ती कोणींच केली नव्हती.