पिस्टनच्या कारखान्याचा संघ

शिकागोहून डेट्रॉइटला मोटारीने निघालेले बहुतेक लोक मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोकाला वळसा घालून थेट ईशान्येचा महामार्ग धरतात. आम्ही यूएस ३० या जुन्या रस्त्याने पूर्वेकडे इंडियानात शिरलो. वाट वाकडी करण्याचं कारण एकच होतं : फोर्ट वेन. आज डेट्रॉइटचा म्हणून ओळखला जाणारा पिस्टन्स हा बास्केटबॉल संघ मुळात या गावातल्या एका कारखान्याचा. तो कारखाना खरोखरच पिस्टन बनवायचा.

रस्ता सरळसोट. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन. प्लिमथ, वॉर्सा, कोलंबिया सिटी अशी गावं येतात आणि जातात. गॅरेजच्या दारावर, धान्याच्या कोठारावर, चर्चच्या मागच्या आवारात, जिथे भिंत दिसेल तिथे बास्केटबॉलची रिंग ठोकलेली. इंडियानात हा खेळ मुलं चालायला लागली की सुरू होतो, आणि शाळेच्या संघाचा सामना असला की सगळं गाव लोटतं. फोर्ट वेनची गोष्ट समजून घ्यायची तर हे वेड आधी ध्यानात घ्यावं लागतं.

गाडी माझा भाचा चालवत होता. तो पुण्याचा. इंजिनाच्या सुट्या भागांच्या धंद्यात त्याची बारा वर्षं गेली आहेत. निघताना त्याने नमुन्याचा एक पिस्टन माझ्या हातात ठेवला. "मामा, आधी हे बघा, मग खेळाचं बोलू." ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, तळहातावर जेमतेम मावणारा, वाटला त्यापेक्षा हलका. वरच्या बाजूला रिंगा बसवायच्या तीन खाचा, मधोमध आडवं आरपार भोक, त्यातून जाणाऱ्या पिनेने तो कनेक्टिंग रॉडला जोडला जातो. इंजिनात हा तुकडा मिनिटाला हजारो वेळा वरखाली होतो. खाचांची धार इतकी नेमकी की नख फिरवलं तर जाणवते. असं काम करणाऱ्या माणसांनी संघ उभा केला होता.

फोर्ट वेन तीन नद्यांचं गाव आहे. सेंट जोसेफ आणि सेंट मेरीज या नद्या इथे मिळतात आणि त्यांची मॉमी होते. मायामी या मूळ रहिवाशांचं केकिओंगा हे मोठं ठाणं याच संगमावर होतं. १७९४ मध्ये जनरल अँथनी वेनच्या फौजेने इथे किल्ला बांधला आणि गावाला त्याचं नाव मिळालं. पुढे कालवा आला, रेल्वे आली आणि त्यांच्या मागोमाग कारखाने. जनरल इलेक्ट्रिकच्या लाल विटांच्या अवाढव्य इमारती गावाच्या मध्यभागाजवळ अजून उभ्या आहेत. आता त्यांचा जीर्णोद्धार होऊन 'इलेक्ट्रिक वर्क्स' नावाने तिथे कचेऱ्या आणि बाजार भरला आहे. त्या विटांच्या भिंतींजवळ आम्ही बराच वेळ रेंगाळलो, कारण नॅशनल बास्केटबॉल लीगमधला फोर्ट वेनचा पहिला संघ पिस्टन बनवणाऱ्या झोलनर कंपनीचा नव्हता, या कंपनीचा होता. १९३७ साली नॅशनल बास्केटबॉल लीग सुरू झाली तेव्हा तिच्यामागे तीन कंपन्या होत्या : ॲक्रन इथल्या गुडइयर आणि फायरस्टोन या टायर कंपन्या, आणि जनरल इलेक्ट्रिक. पहिल्या हंगामात फोर्ट वेन जनरल इलेक्ट्रिक्स नावाचा संघ उतरला होता. पहिलं अजिंक्यपद गुडइयरने घेतलं, पुढची दोन फायरस्टोनने.

हे कारखानदार खेळात का पडले? मंदीचा काळ होता. कॉलेजात नाव कमावलेल्या खेळाडूला पदवीनंतर चेंडूवर पोट भरणं अशक्य होतं. कंपनी त्याला नोकरी द्यायची, संध्याकाळी तो कंपनीच्या नावाने खेळायचा. कामगारांना अभिमान वाटायला काहीतरी मिळे आणि कंपनीचं नाव वर्तमानपत्रात येई. मुंबईत टाइम्स शील्डसाठी झुंजणारे कचेऱ्यांचे क्रिकेट संघ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही व्यवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

झोलनर कुटुंबाचा धंदा मूळचा मिनेसोटातल्या डुलुथचा. थिओडोर झोलनर यांनी तिथे यंत्रशाळा काढली होती. १९३१ मध्ये धंदा फोर्ट वेनला आला. इथे गिऱ्हाइकं जवळ होती. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा ट्रकचा कारखाना १९२३ पासूनच गावात होता. थिओडोर यांच्यानंतर कारखाना फ्रेड आणि जॅनेट या भावाबहिणीच्या हाती आला. फ्रेड यांना खेळाचं मनापासून वेड. कंपनीचा सॉफ्टबॉल संघ त्यांनी असा घडवला की १९४५ ते १९४७ अशी सलग तीन वर्षं तो राष्ट्रीय विजेता ठरला. बास्केटबॉलचा संघ आधी गावातल्या औद्योगिक सामन्यांत खेळायचा. कार्ल बेनेट या कंपनीतल्याच माणसाने तो सांभाळला, वाढवला, आणि १९४१ मध्ये 'फोर्ट वेन झोलनर पिस्टन्स' नॅशनल लीगमध्ये दाखल झाले.

संघाचं घर होतं नॉर्थ साइड हायस्कूल. सेंट जोसेफ नदीच्या काठावरची ही शाळा आजही भरते. आम्ही गेलो तेव्हा सुटीचा दिवस होता. आवार रिकामं होतं, पण इमारतीचा थाट पाहून शाळेबद्दल गावाला काय वाटत असेल ते कळतं. एका व्यावसायिक संघाने आपले सामने शाळेच्या व्यायामशाळेत खेळावेत याचं नवल वाटू नये. त्या काळी गावात याहून बरी जागा नव्हती. बाकं मैदानाला इतकी खेटून असत की पाहुण्या खेळाडूंना प्रेक्षकांचे श्वास जाणवावेत.

आणि या शाळेत बॉबी मॅकडरमॉट खेळले! न्यूयॉर्कचा हा खेळाडू दोन्ही हातांनी, जमिनीवर पाय रोवून, लांबून चेंडू टाकायचा. १९४३ नंतर तोच संघाचा प्रशिक्षकही होता. झोलनर संघाने १९४४ आणि १९४५ मध्ये लीग जिंकली. शिकागोत होणारी जागतिक व्यावसायिक स्पर्धा त्यांनी १९४४, १९४५ आणि १९४६ अशी ओळीने तीनदा जिंकली. मॅकडरमॉट यांना १९८८ मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं.

महायुद्धाच्या त्या वर्षांत शिकागोच्या स्टुडबेकर कारखान्यातही असाच एक संघ उभा राहिला. तिथे हार्लेम ग्लोबट्रॉटर्सचे कृष्णवर्णीय खेळाडू युद्धसामग्रीच्या कामावर होते. १९४२-४३ च्या हंगामात ते गोऱ्या सहकाऱ्यांबरोबर एकाच संघातून लीगमध्ये खेळले. पुढे स्थापन झालेल्या एनबीए या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू यायला १९५० उजाडावं लागलं. कारखान्याने हे दार आठ वर्षं आधी किलकिलं केलं होतं, ही गोष्ट या खेळाच्या इतिहासात ठळकपणे सांगायला हवी.

दुपारी मेन स्ट्रीटवरच्या कोनी आयलंडमध्ये जेवलो. १९१४ पासूनचं दुकान. काउंटरशी उंच गोल स्टुलं, वाफवलेला मऊ पाव, त्यात सॉसेज, वर मोहरीची चटणी, खिम्याचा तिखटसर रस्सा आणि मूठभर बारीक चिरलेला कांदा. माझ्या शेजारच्या स्टुलावर बसलेल्या वयोवृद्ध गृहस्थांनी आम्ही कशासाठी आलो ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा फुलला. त्यांचे वडील झोलनरच्या कारखान्यात कामाला होते. "संघ आमचाच होता," ते म्हणाले. पुढे त्यांनी जे सांगितलं ते गावात सगळे अभिमानाने सांगतात : एनबीएचा जन्म न्यूयॉर्कमध्ये झाला असं पुस्तकं म्हणोत, तिचा पाळणा फोर्ट वेनमधल्या एका स्वयंपाकघरातल्या टेबलावर हलला.

या दाव्यामागे घडामोडी आहेत. १९४६ मध्ये बॉस्टन, न्यूयॉर्कसारख्या महानगरांतल्या स्टेडियमच्या मालकांनी बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका ही दुसरी लीग काढली. त्यांच्याकडे मोठी सभागृहं होती. उत्तम खेळाडू मात्र मध्यपश्चिमेच्या कारखानदार गावांत होते. १९४८ मध्ये फोर्ट वेन, मिनियापोलिस, रॉचेस्टर आणि इंडियानापोलिस हे चार संघ नव्या लीगमध्ये गेले. त्यासाठीची बोलणी करण्यात कार्ल बेनेट पुढे होते. ३ ऑगस्ट १९४९ रोजी दोन्ही लीग एक झाल्या आणि एनबीए अस्तित्वात आली. नव्या लीगमध्ये जाण्याची एक किंमत मोजावी लागली. नव्या लीगला संघाच्या नावात कंपनी नको होती. 'झोलनर' गळालं आणि 'फोर्ट वेन पिस्टन्स' उरलं. पगार, प्रवास, तोटा हे सगळं झोलनर यांच्याच खिशातून चालू राहिलं.

या संघाने खेळाचे नियमही बदलायला लावले. २२ नोव्हेंबर १९५० रोजी मिनियापोलिसमध्ये लेकर्सविरुद्ध सामना होता. जॉर्ज मायकन हा धिप्पाड खेळाडू त्यांच्याकडे, त्याला अडवणं अशक्य. पिस्टन्सचे प्रशिक्षक मरे मेंडनहॉल फोर्ट वेनच्याच शाळांतून पुढे आलेले. त्यांनी ठरवलं, चेंडूच द्यायचा नाही. खेळाडू चेंडू हातात धरून उभे राहिले. प्रेक्षकांनी आरडाओरडा केला, पण ते हलले नाहीत. मध्यंतराला लेकर्स १३, पिस्टन्स ११. पूर्ण सामन्यात पिस्टन्सने अवघे १३ वेळा बास्केटवर नेम धरला. शेवटच्या काही सेकंदांत लॅरी फाउस्टने चेंडू टाकला आणि पिस्टन्स १९-१८ ने जिंकले. लेकर्सच्या १८ पैकी १५ गुण मायकनचे होते. एनबीएच्या इतिहासात इतक्या कमी गुणांचा सामना दुसरा झाला नाही. मेंडनहॉल यांचा डाव नियमात बसणारा होता आणि धाडसाचाही. पण खेळ असा चालला तर तिकीट काढून कोण येईल, हा प्रश्न सगळ्यांसमोर उभा राहिला. सिरॅक्यूसच्या संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी त्यावर उपाय मांडला : चेंडू हाती आल्यावर २४ सेकंदांत नेम धरलाच पाहिजे. ४८ मिनिटांचे २,८८० सेकंद, दोन्ही संघांचे मिळून साधारण १२० प्रयत्न, असा साधा भागाकार. १९५४ पासून तो नियम लागू झाला.

संध्याकाळी ॲलन काउंटी वॉर मेमोरियल कोलिसियमला गेलो. युद्धात पडलेल्या स्थानिक जवानांचं हे स्मारक. १९५२ मध्ये ते उघडलं तेव्हा पिस्टन्सना अखेर साजेसं घर मिळालं, आणि पुढच्याच जानेवारीत एनबीएचा ऑल-स्टार सामना इथे झाला. याच सुमारास झोलनर यांनी संघासाठी डीसी-३ विमान घेतलं. बाकीचे संघ रात्र रात्र आगगाडीत काढत होते, आणि एका पिस्टन कारखान्याचा संघ स्वतःच्या विमानाने फिरत होता. २००२ मध्ये कोलिसियमचं छप्पर उचलून ४० फुटांहून अधिक उंच केलं आणि खाली नव्या आसनांच्या रांगा बसवल्या. आत फोर्ट वेन कोमेट्स या आइस हॉकी संघाचे झेंडे आहेत. तो १९५२ पासून इथेच आहे.

पिस्टन्सचं सगळ्यात मोठं दुःखही या कोलिसियमशी जोडलेलं आहे. १९५५ मध्ये ते पहिल्यांदा एनबीएच्या अंतिम फेरीत पोचले, समोर बियासोन यांचं सिरॅक्यूस. पण कोलिसियम तेव्हा बोलिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी दिलेलं होतं. 'घरचे' तिन्ही सामने इंडियानापोलिसला झाले. पिस्टन्सने ते तिन्ही जिंकले. सातव्या सामन्यात सिरॅक्यूसच्या मैदानावर १७ गुणांची आघाडी घेऊनही ते ९२-९१ ने हरले. एका गुणाने! पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम फेरी, पुन्हा पराभव, या वेळी फिलाडेल्फियाकडून.

दुसऱ्या दिवशी उत्तरेला निघालो. चाळीसेक किलोमीटरवर वॉटरलू हे लहानसं गाव लागतं. लांब पल्ल्याच्या आगगाड्या आता फोर्ट वेनमध्ये येत नाहीत, इथेच थांबतात. रॉचेस्टरहून, न्यूयॉर्कहून येणारे संघही पहाटे इथेच उतरायचे आणि मोटारींत दाटीवाटीने बसून गावात पोचायचे, असं जुन्या खेळाडूंच्या आठवणींत येतं. फलाटावर उभं राहिलं की अंतराचा अर्थ कळतो. महानगरांतल्या संघमालकांना हे गाव आडवळणाचं वाटू लागलं होतं. दूरचित्रवाणी आली होती, हजारोंच्या गर्दीची गरज होती. १९५७ मध्ये पिस्टन्स डेट्रॉइटला गेले, आणि त्याच वर्षी रॉचेस्टरचा संघ सिनसिनाटीला.

"तोट्यात असताना त्यांनी संघ विकला का नाही?" भाच्याने विचारलं. झोलनर यांनी त्यानंतरही सतरा वर्षं संघ सांभाळला आणि १९७४ मध्ये बिल डेव्हिडसन यांना विकला. १९८२ मध्ये ते गेले. पिस्टन्सची तीन अजिंक्यपदं, १९८९, १९९० आणि २००४ ची, त्यांनी पाहिली नाहीत. १९९९ मध्ये हॉल ऑफ फेमने त्यांचा मरणोत्तर गौरव केला.

डेट्रॉइटमध्ये लिटल सीझर्स एरिनाच्या दुकानात पिस्टन्सच्या जर्सी ओळीने टांगल्या होत्या. मोटारींच्या शहराला नाव चपखल बसतं, म्हणून ते इथेच जन्मलं असं बहुतेकांना वाटतं. फोर्ट वेनला पुढेही असाच अनुभव आला. मॅड अँट्स हा तिथला छोट्या लीगचा संघ २००७ मध्ये सुरू झाला, २०१४ मध्ये जिंकला आणि २०२३ मध्ये इंडियानापोलिसच्या बाजूला हलवला गेला. संघ मालकाचा असतो आणि मालक हिशेब पाहतो, हे खरंच आहे. पण बास्केटबॉलमधून कमाई होत नव्हती त्या वीस वर्षांत हा खेळ व्यवसाय म्हणून जगला तो कारखान्यांच्या हजेरीपटावर. टायर, मोटारी, विजेची यंत्रं आणि पिस्टन बनवणाऱ्या गावांनी खेळाडूंना पगार दिला, शाळेच्या व्यायामशाळा उघडून दिल्या आणि तिकिटं काढली. आजच्या एनबीएच्या अब्जावधींच्या करारांखाली हा पाया आहे, आणि लीग स्वतःचा इतिहास सांगते तेव्हा जुन्या नॅशनल लीगमधल्या ॲक्रन, ऑशकॉश, शेबॉयगन, फोर्ट वेन या गावांची नावं पहिल्या प्रकरणात यायला हवीत. अमेरिकेत सामना पाहायला जाणाऱ्याने एखादा दिवस या गावांसाठी राखून ठेवावा. खेळ कोणाच्या घामावर मोठा झाला हे कळल्यावर तो सामना अधिक आदराने पाहिला जातो.