दरबारीचा गांधार कागदावर

ऐकून स्वरलेखन करताना मला सम, मात्रा, ताना यांनी कधी छळलं नाही. छळतो तो दरबारीचा गांधार. अमीर खाँसाहेबांच्या मारवा-दरबारीच्या एल.पी.वरून भरून घेतलेली कॅसेट घासून गेली, तरी तो हाती लागत नाही. भातखंडे पद्धतीने ‘ग’ लिहितो, खाली आडवी रेघ, डोक्यावर मध्यमाचा कण. कागद पुढ्यात घेऊन पेटीवर वाजवतो, तर दरबारी गायब! तो गांधार नेहमीच्या कोमल गांधाराच्या खाली, रिषभाकडे कलून सावकाश झुलतो. किती कलतो, मागे कधी फिरतो, हेच तर लिहायचं असतं.

पेटीवाल्याचा कान पट्ट्यांना बांधलेला. ऐकलेला स्वर जवळच्या पट्टीवर जाऊन बसतो आणि आपण तोच ऐकला असं वाटतं. म्हणून मी आधी भाता बंद करतो, तानपुरा लावतो, जागा गळ्यातून काढतो, मग पेन्सिल उचलतो. आकाशवाणीने 1940 ते 1971 पेटीला दार बंद ठेवलं. बंदी मला अन्यायाची वाटते, पण पेटीतून मींड निघत नाही हा आक्षेप खरा होता.

एकदा ऐकून चाल उतरवणारे मास्तर म्हणून कर्जत-खालापुरात माझं नाव आहे आणि मला त्याचा गर्व आहे. भजनी मंडळींचा चहा निवायच्या आत कागद त्यांच्या हातात दिला की छाती फुगते. हल्ली यूट्यूबवरची तयार सरगम घेऊन मंडळं बसतात. एकाची चूक गावोगाव चाल म्हणून वाजते. याचा मला मनापासून राग येतो.

खोपोली लोकलने शिकायला येणारा मुलगा मात्र तसा नाही. तो मोबाइलवर गाणं निम्म्या वेगाने लावतो आणि पट्टी हलत नाही. आमचा टेप निम्म्या वेगाने फिरवला तर थेट खालचं सप्तक ऐकू यायचं. ताना तो माझ्यापेक्षा लवकर उतरवतो, ते मला झोंबतं.

“मास्तर, निम्म्यावर ऐका, गांधार सुटा होतो.”

ऐकला. झोके मोजता आले. पण तेवढ्या संथपणात गांधाराचा भारच उरला नाही. रिषभ आणि गांधार दोन परके स्वर झाले. त्याला म्हटलं, मोजून झालं असेल तर आता मूळ वेगाला लाव आणि गा. तो गायला, मी लिहिलं. माझ्या एकट्याच्या कागदांपेक्षा हा कागद बरा आहे. पावसाळ्यात मियाँमल्हार घेणार आहोत. तिथेही गांधार झुलतोच, वर दोन्ही निषाद एकमेकांना खेटून येतात.