धुऱ्यापलीकडची सपरी

नागपूरहून निघालेली गाडी कामठी, भंडारा रोड, तुमसर, तिरोडा करत गोंदियाला येते, आमगाव आणि सालेकसा मागे टाकून दरेकशाच्या डोंगरात शिरते आणि डोंगरगडावरून राजनांदगावला पोचते. १८९३ साली ह्याच रुळांवरून कवी नारायण वामन टिळक राजनांदगावला चालले होते, नोकरीच्या शोधात. डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला. कवितेवर बोलणं निघालं, मग देवावर. उतरताना त्या माणसाने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला आणि सांगितलं की हे मनापासून वाचत राहिलात तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना तेव्हा ते फारसं पटलं नसणार. पण १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

गोंदिया तेव्हा जंक्शन झालेलं नव्हतं. जबलपूरकडची छोटी लाईन दहा-बारा वर्षांनी आली, चांद्याकडची त्याच्याही नंतर. आणि आमचं फुलचूर तर आजही जंक्शनच्या पाटीवर कुठे नाही. गोरेगाव रोडने गोंदिया शहर पसरत पसरत त्याच्या अंगाला येऊन भिडलंय, एवढंच. तरी रात्री वारा पडला की गाडीची शिट्टी फुलचुरात ऐकू येते आणि मला हमखास टिळकच आठवतात. ती गाडीतली भेट आता साऱ्यांना पाठ आहे. मला आठवतो तो त्या भेटीनंतरचा माणूस, पेन्सिल घेऊन पुस्तकावर खुणा करत वाचणारा.

वाचता वाचता टिळक अडकले ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी, म्हणजे मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायात. तिथून पुढे त्यांना जाववेना. त्या प्रवचनात खुनाच्या शेजारी काय बसवलंय ते बघण्यासारखं आहे. भावाला शिवी देणं! खून करू नये हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे बहुतेक जण ती ओळ वाचून सुटकेचा श्वास सोडतात. पुढच्याच वाक्यात येशू भावाला ‘मूर्खा’ म्हणणाऱ्यालाही त्याच रांगेत उभं करतो, आणि मग कोणीच सुटत नाही. त्यानंतर येते ती वेदीवरच्या अर्पणाची गोष्ट. तू अर्पण घेऊन वेदीपाशी आलास, आणि तुझ्यावर भावाचा काही राग आहे हे तुला आठवलं, तर ते तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. हे बोलणं चाललं होतं गालीलात. वेदी होती यरुशलेमात. मधलं अंतर पायी तीन-चार दिवसांचं. म्हणजे गोंदियाच्या माणसाने नागपूरपर्यंत चालत जावं, तिथे देवापुढे उभं राहिल्यावर आठवावं की आपण घरी कोणाला तरी घालून पाडून बोललो होतो, मग अर्पण तिथेच टाकून चालत गोंदियाला यावं, त्याची माफी मागावी आणि परत नागपूर गाठावं. देवाला एवढं थांबायला चालतं! माणसाला मात्र थांबवत नाही, आणि मंदिराच्या दारात परत फिरण्याची तर फार लाज वाटते.

टिळकांचा स्वभाव तापट होता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त तो झाकलेला नाही. हे पुस्तक भागाभागांनी १९३४ पासून पुढे प्रसिद्ध झालं. टिळक जाऊन तेव्हा पंधरा वर्षं लोटली होती, आणि मराठी ख्रिस्ती घरोघरी त्यांची पदं गायली जात होती. अशा वेळी एखाद्या विधवेने नवऱ्याची संतमूर्ती घडवली असती तर कोणी नावं ठेवली नसती. बाईंनी तसं केलं नाही. टिळकांचा राग, त्यांचं न सांगता घर सोडून जाणं, घरातलं उचलून दुसऱ्याला देऊन टाकणं, आणि त्याच माणसाचं लहान मुलासारखं विरघळणं, हे सगळं त्यांनी सारख्याच खेळकर हाताने लिहिलं. आपला स्वतःचा हेकेखोरपणाही त्यात सोडला नाही. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, जवळ आल्यावरही सोवळं सांभाळून राहिल्या, आणि १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला. ह्या साऱ्यात लक्षात राहते ती एक गोष्ट: बाप्तिस्म्याच्या पाण्याने टिळकांचा राग काही विझला नाही. तो नंतरही येत राहिला आणि टिळकांना नंतरही परतून यावं लागलं. मला हे वाचून फार धीर आला. एकदा पाण्यात बुडी मारून जीभ गोड झाली असती तर उरलेल्या आयुष्यात माणसाने करायचं काय?

आपला क्रूस उचलून माझ्यामागे या, हे मत्तयातही आहे आणि मार्कातही. लूक मात्र त्यात ‘रोज’ घालतो. वैद्य होता म्हणतात. काही दुखण्यांना रोजचं औषध लागतं हे त्याला ठाऊक असणार.

आमच्याकडच्या प्रार्थनासभांत साक्षी होतात. फुलचूर, गोंदिया, आमगाव, कुठेही बसा. भाऊ उभा राहतो, ‘जय मसीह की’ म्हणतो आणि सांगतो की मी दारू प्यायचो, जुगार खेळायचो, पत्त्यांत धान हरलो, प्रभूने सोडवलं. डोळे पुसतो, लोक ‘हालेलुया’ म्हणतात. हे खरं असतं आणि त्याने घरं वाचली आहेत, म्हणून मी त्याची थट्टा करणार नाही. पण एवढ्या साक्षी ऐकल्या, त्यांत उभं राहून ‘मी परवा बायकोला चारचौघांत तिच्या माहेरावरून बोललो’ असं सांगणारा मला आठवत नाही. दारू सुटली की सुटली, तिची तारीख सांगता येते. जिभेची तारीख कोण सांगणार? सभेतून घरी जाईपर्यंत ती खोटी ठरायची. त्यातून मागच्या बाकावर बायको बसलेलीच असते.

इकडचा मुलूख धानाचा. गोंदियाच्या राइस मिलमध्ये पोत्यातून धान ओततात, एकीकडे तूस उडतं, एकीकडे कोंडा पडतो, तुटलेली कनकी वेगळी निघते आणि पांढरा तांदूळ खाली येतो. तो शिजवा, विका, पाहुण्यांना वाढा. बांधीत मात्र तो आता पेरता येत नाही, तूस गेलं की गेलं. तोंडातून गेलेल्या शब्दाचंही असंच आहे, म्हणून ‘मी माझे शब्द मागे घेतो’ असं कोणी म्हटलं की मला नवल वाटतं. घ्या बापडे. पण ज्याने ऐकले त्याच्या घरात ते कधीच शिजून झालेले असतात.

मग उरतं काय? एक उरते खंत. ती स्वस्त मिळते, हे जरा कडक वाटेल. पण यहूदाला खंत कमी नव्हती. त्याने चांदीची तीसही नाणी परत नेली, आपण पाप केलं हे तोंडाने कबूल केलं. फक्त कबूल केलं ते याजकांपुढे, ज्यांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. पत्ता चुकला. पेत्र त्या रात्री कोळशाच्या शेकोटीपाशी हात शेकत होता आणि तिथेच तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणाला. कोंबडा आरवल्यावर बाहेर जाऊन रडला. पण गोष्ट त्या रडण्यावर संपत नाही. योहानाच्या शेवटच्या अध्यायात सरोवराच्या काठी पुन्हा कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासे भाजताहेत, भाकर आहे. येशू आधी जेवू घालतो आणि मग त्याच माणसाला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटतं. वाटणारच. पण तो एकदाही म्हणत नाही की त्या रात्री परिस्थितीच तशी होती, शिपाई होते, थंडी होती, आणि ती दासी कशी बोलली ते तुम्ही ऐकलं नाहीत. एवढं समर्थन त्याच्यापाशी तयार असणार. ते त्याने त्या काठावर टाकून दिलं. समर्पण समर्पण म्हणतात त्यात मला तरी दुसरं काही मोठं दिसत नाही. संसार टाकून जाणारे पुष्कळ असतात. भांडणातली आपली बाजू खरी असूनही ती न सांगणं हे फार थोड्यांना जमतं.

आमच्या मोठीमायला ते जमलेलं मी पाहिलं. मोठीमाय म्हणजे नात्याने माझी कोणी नाही, गल्लीतली सारी पोरं तिला मोठीमायच म्हणतात. तिचा नवरा आणि दीर, दोघा भावांची शेती एकमेकांना लागून. मोठ्याच्या घरी भिंतीवर क्रूस, धाकट्याच्या अंगणात तुळस. त्यावरून दोन्ही घरांत कधी वाजलं नाही. वाजलं ते पाण्यावरून, सगळ्या गावांत वाजतं तसंच. धाकट्याची बांधी वर, हिची खाली. पावसाने ओढ दिली, धानाचे पऱ्हे (रोपं) पिवळे पडू लागले, आणि जाऊ काही धुऱ्याची, म्हणजे मधल्या बांधाची, वाट मोकळी करेना. त्यात गेल्या उन्हाळ्यात धुरा हातभर सरकवल्याचा राग हिच्या पोटात होताच. रोवणीला बायका लावलेल्या. चिखलात वाकून हातात पऱ्ह्यांच्या पेंड्या घेऊन ओळीने सरकत होत्या, गाणं चाललं होतं. मोठीमाय धुऱ्यावर उभी राहिली आणि पलीकडे जावेला ओरडून म्हणाली, “पोरगं तुले सोडून गेलं, ते उगाच नाही गेलं.”

जावेचा एकुलता पोरगा हैदराबादला कामाला गेला, तिकडेच राहिला, वर्षानुवर्षं आला नाही. हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि तिच्या तोंडावर कोणी कधी काढलं नव्हतं. गाणं थांबलं. एका बाईच्या हातातली पेंडी तशीच राहिली. जावेने एक शब्द काढला नाही, फावडं घेतलं, धुरा फोडला आणि पाणी सोडून दिलं. मोठीमाय नंतर सांगायची, त्या पाण्याने माझे पऱ्हे जगले अन् मले घास गिळवेना.

त्या महिन्याच्या प्रभुभोजनाच्या रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीचंच सांगितलं, स्वतःची पारख करा आणि मग हात पुढे करा. मोठीमाय उठली ती दाराकडे. लोकांना वाटलं चक्कर आली. ती तशीच फुलचूरला आली, धुऱ्यावरून पलीकडे गेली. वाटेत सारं पाठ करत गेली: आजवर केलेली बाळंतपणं आणि दुखणीखुपणी, धुरा कोणी सरकवला, पावसाची ओढ, पिवळे पऱ्हे. जाऊ सपरीत, म्हणजे ओसरीवर, सूप घेऊन कनकी पाखडत बसली होती. मोठीमायने चप्पल खाली काढली आणि एवढंच म्हणाली, “त्या दिवशी पोराचं बोलली ते वंगाळ बोलली. माझी चूक झाली.” पाठ केलेलं बाकी सारं तिने गिळलं. हे गिळणं सोपं नसतं. ती स्वतः म्हणते, घशात अडकलं होतं, धुऱ्याचं तर फारच.

जावेने सूप खाली ठेवलं नाही. पाखडता पाखडता म्हणाली, “साऱ्या बायांसमोर बोलली होती तू.”

म्हणून मोठीमाय दुसऱ्या दिवशी रोवणीच्या बांधीवर गेली आणि त्याच बायांसमोर पुन्हा तेच म्हणाली. बायकांना काय करावं कळेना, एकीने खोकून घेतलं. जाऊ चिखलातून बाहेर आली, हात धुतले, म्हणाली, “चाल, चहा मांडतो. पण पाण्याची वाट मी नाही ठेवत उघडी, सांगून ठेवतो.” (आमच्याकडे बाईमाणूसही ‘मांडतो’ म्हणते, हसू नका.)

ह्यानंतर मोठीमायची जीभ सुधारली असं वाटत असेल तर ते विसरा. पोराचा विषय तिने पुन्हा काढला नाही हे खरं. पण कोंबड्यांवरून बोलली, धाकट्याच्या मोबाईलवरून बोलली, दिवाळीत रांगोळीवर पाय पडला त्यावरून तर बरंच बोलली. फक्त आता दिवस मावळायच्या आत धुरा ओलांडून जाते. लेकी म्हणतात, फोनवरून ‘सॉरी’ पाठव, गुडघे दुखतात तुझे. ती ऐकत नाही. तिचं म्हणणं, फोनवर मी लबाडी करीन, तिकडे तोंडासमोर होत नाही.

परवा जाऊ मला किराणा दुकानात भेटली. चहापत्तीचा मोठा पुडा घेत होती. मी काही विचारलंही नव्हतं, तरी दुकानदाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “हिचा प्रभू हिले माफ करते जी, पण चहा रोज मलेच करा लागते.”