एका पिनेचं रामायण

आमच्या आजीच्या रामायणातली कैकेयी मला खलनायिका कधी वाटलीच नाही. मला ती मेकॅनिक वाटायची. ऐन युद्धात दशरथाच्या रथाच्या आसाची खीळ निघते, चाक निखळणार, आणि ही बाई सरळ तिथे स्वतःचं बोट घालते! वाल्मीकींच्या रामायणात ते बोट नाही बरं का. तिथे ती बेशुद्ध दशरथाला रणातून बाहेर काढते. पण घरोघरच्या आज्यांनी सांगितलं ते बोटच. म्हणजे दोन वर, वनवास, सीताहरण, लंका... सगळं एका खिळीवरून.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे गेले तीन महिने आमच्या घरी २ मिलिमीटर जाड आणि १० मिलिमीटर लांब अशा एका पिनेवरून चाललेलं रामायण.

आधी नातेवाइकांसाठी खुलासा. आमची कन्या (वय १३) इथे ओहायोत रिमोटच्या ट्रकच्या शर्यतींत उतरते. ट्रक म्हणजे खऱ्याच्या साधारण एक दशांश मापाचा, बॅटरीवर चालणारा, मागच्या दोन चाकांना ताकद असलेला. मातीचा ट्रॅक, त्यावर उंचवटे, वळणं, उड्या. पाच मिनिटांची एक फेरी. खेळणं म्हणावं तर प्रत्येक स्क्रू सुटा होतो, आणि खेळणं नाही म्हणावं तर बायको हसते :)

ट्रक आम्ही जुना घेतला, कुणाचा तरी वापरलेला. आणि लागोपाठ तीन रविवार उजवं मागचं चाक शर्यतीच्या मध्येच दगा देऊन मोकळं झालं. मोटर गरागरा फिरतेय आणि ट्रक जागच्या जागी. तिसऱ्या रविवारी गाडीत बसल्यावर कन्या शांतपणे म्हणाली, "बाबा, विकून टाकू या. मला हे जमणाऱ्यातलं नाही."

ट्रक गेला असता तर मला फार वाईट वाटलं नसतं. वाईट वाटलं ते त्या वाक्याच्या दुसऱ्या भागाचं. मोडलं चाक, आणि निकाल दिला स्वतःवर! मुली हा निकाल फार लवकर देतात असं माझं निरीक्षण आहे. म्हटलं, विकू. पण विकायच्या आधी का मोडतंय ते शोधू. विकत घेणाऱ्याला सांगायला तरी हवं.

तर आता पिनेकडे वळू. बैलगाडीची खीळ चाक बाहेर पडू देत नाही, बाकी चाक आसावर आपलं आपण फिरतं. इथे उलटं आहे. चाक बाहेर पडू नये म्हणून टोकाला नट असतो आणि पिनेचं काम चाक फिरवण्याचं. आसाला आडवं भोक, त्यात ही पिन, दोन्ही बाजूंना टोकं बाहेर. त्यावर १२ मिलिमीटरचा एक षटकोनी तुकडा बसतो (ट्रॅकवर सगळे त्याला 'हेक्स' म्हणतात). हेक्सच्या पाठीला खाच असते, तिच्यात पिन बसते, आणि हेक्सवर चाक. नट आवळला की सगळं एकजीव. आस पिनेला फिरवतो, पिन हेक्सला, हेक्स चाकाला.

आता जरा हिशोब करा. चाकाची त्रिज्या धरा ४५ मिलिमीटर. पिनेची टोकं हेक्सला ढकलतात ती आसाच्या मध्यापासून जेमतेम साडेचार मिलिमीटरवर. म्हणजे टायर मातीला जितक्या जोरानं ढकलतो त्याच्या दहापट जोर त्या दोन टोकांनी मिळून सोसायचा. सुईएवढ्या जिवाला केवढा हा भार!

स्वयंपाकघरातल्या टेबलावर पांढरा टॉवेल अंथरून आम्ही पोस्टमॉर्टेम मांडलं. (टॉवेल यासाठी, की पडलेली पिन टप्पा घेऊन फ्रिजखाली जात नाही.) पहिल्या रविवारच्या पिनेचे तीन तुकडे कन्येनं डबीत जपून ठेवले होते. तिला म्हटलं, कानस चालव. कानस नुसती घसरली, ओरखडासुद्धा नाही. म्हणजे आधीच्या मालकानं मूळची पिन काढून कडक पोलादाचा तुकडा घातला होता, बहुधा ड्रिल बिटचा. असा तुकडा वाकत नाही. एकदम तुटतो.

दुसऱ्या रविवारी साधी, मूळ मापाची पिन घातली होती. ती वाकली. का, ते आस उजेडासमोर धरल्यावर दिसलं. भोक गोल राहिलंच नव्हतं, लांबट झालं होतं. पिनेपेक्षा आस मऊ, त्यामुळे त्या कडक तुकड्यानं आसच खाल्ला होता. हेक्सची खाचही रुंदावलेली. खेळ आला की प्रत्येक वेळी पिन ढकलायच्या ऐवजी हातोडीसारखी आपटते. तिसऱ्या रविवारी पिन मोडलीच नाही, हरवली. नटच्या आतलं नायलॉनचं कडं कित्येकदा काढघाल करून गुळगुळीत झालं होतं. नट सैल झाला, हेक्स बाहेर सरकला, पिन खाचेतून सुटली आणि मातीत गेली.

तीन रविवार, तीन वेगळी कारणं. पण आधीच्या माणसाला कडक पिन घालावीशी का वाटली? त्याच्याही पिना मोडत असणार म्हणूनच ना?

इथे मी कोल्हापूरला दादाला व्हिडिओ कॉल लावला. दादा माझा चुलतभाऊ, आयुष्य शिवाजी उद्यमनगरात लेथवर गेलेलं. त्यानं तुकडे बघितले आणि म्हणाला, "आरं, पिन मोडली म्हंजे तिनं तिचं काम केलं की! ती न्हाई मोडली तर काय मोडंल, ते बघ आधी." मग त्यानं रोटाव्हेटरचं उदाहरण दिलं. ट्रॅक्टरकडून येणाऱ्या शाफ्टला शिअर बोल्ट असतो. दगड लागला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. सारखा तुटतो म्हणून वैतागून एखादा शेतकरी त्या जागी कडक बोल्ट ठोकतो आणि दोन दिवसांनी गिअरबॉक्स घेऊन दारात उभा राहतो. "पिनंला वराडतोय कशाला? तिला मारतंय कोण ते हुडीक."

हुडकलं. सापडलं ते चाकापासून लांब, पार मोटरजवळ. या ट्रकना स्लिपर क्लच असतो. मोठ्या दातेरी चक्राला दोन्ही बाजूंनी घर्षणाच्या चकत्या आणि त्यांना दाबणारी स्प्रिंग. एकदम झटका आला की चकत्या किंचित घसरतात आणि झटका तिथेच जिरतो. आमच्या ट्रकच्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकेपर्यंत नट आवळलेला होता. क्लच नावाला उरला होता. ट्रक उडी मारतो, हवेत चाकं मोकळी गरगरतात, खाली येताना टायर मातीला लागून एकदम अडतो, आणि मोटर मात्र आपल्या वेगात फिरत असते. ही मारामारी कुठेतरी मिटायला हवी. क्लचनं नाही म्हटलं, की वाटेतल्या सगळ्यांत गरिबावर ती येते. आमच्याकडे गरीब म्हणजे पिन.

कारण कळल्यावर दुरुस्ती सोपी होती, आणि ती सगळी तिनं केली. माझं काम टॉर्च धरायचं. नवा आस, नवी हेक्स, नवे नट, आणि साधी पिन. हेक्स घेतली ती चिमटा-स्क्रूची, म्हणजे आसाला स्वतः पकडून बसणारी. चाक काढलं तरी पिन पडत नाही. घालताना पिनेला ग्रीसचा ठिपका लावला की ती जागेवर चिकटून राहते आणि दोन्ही हात मोकळे मिळतात.

आसाच्या आतल्या टोकाला, सांध्यात, आणखी एक पिन असते. ती एका इवल्याशा ग्रब स्क्रूनं धरलेली असते. तो सैल झाला की ती पिन हळूहळू बाहेर येते आणि बेअरिंगचं घर खरवडते. त्या स्क्रूचे आटे अल्कोहोलनं पुसून निळं थ्रेडलॉक लावलं आणि रात्रभर ठेवलं. हे रसायन गमतीचं आहे. हवेत ते पातळच राहतं. हवा तुटली आणि धातूचा स्पर्श झाला की घट्ट होतं. व्हर्नन क्रीबल नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकानं १९५३ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड इथल्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये ते तयार केलं. आपल्यासाठी पथ्यं दोन. लाल वापरायचं नाही, ते तापवल्याशिवाय सुटत नाही; आणि प्लास्टिकला लागू द्यायचं नाही, काही प्लास्टिकना त्यानं तडे जातात.

शेवटी क्लच. मागची दोन्ही चाकं हातानं घट्ट धरायची आणि थ्रॉटल द्यायचा. पुढची चाकं किंचित उचलली जाऊन मग क्लच घसरला पाहिजे. ट्रॅकवर सुटताना पहिला फूट-दोन फूट 'चिर्र' असा आवाज यायला हवा. पाव-पाव फेरी नट सोडत तिनं तो आवाज जुळवला. शिवाय जमिनीला लागायच्या आत थ्रॉटलवरचं बोट सोडायचं, हे तिचं तिनंच ठरवलं. "चाकं आधीच हळू झाली तर झटका कमी ना, बाबा?" मी काही बोललो नाही. ट्रक विकायचं मात्र पुन्हा कुणी काढलं नाही.

मी मात्र दादाच्या वाक्यात अजून अडकलोय. घरात, ऑफिसात, जिथे तिथे सारखं मोडणारं कुणीतरी एक असतं. आपण त्यालाच म्हणतो, जरा कडक हो. ते बिचारं झालं कडक, की भोकं भलतीकडे लांबट होतात. मारतंय कोण, ते बघायला कुणी मोटरपर्यंत जात नाही.

असो. गेल्या रविवारी दहा ट्रकमध्ये कन्येचा सातवा नंबर आला. चारही चाकं जागेवर. शेजारच्या टेबलावरचा एक मुलगा रडवेल्या तोंडानं वाकलेली पिन घेऊन आला. हिनं डबीतून त्याला एक नवी पिन दिली आणि त्याचा ट्रक उलटा करत विचारलं, "तुझा स्लिपर कुणी आवळलाय?"