‘हाऊ क्यूट’ म्हणण्यापूर्वी...

वाघाटी म्हटलं की आपल्या आज्यांना आषाढी द्वादशीची भाजी आठवते. आपल्या पिढीला तर काहीच आठवत नाही! पण भोर-वेल्ह्याकडे (वेल्हे तालुका आता राजगड झाला, तरी जिभेवर अजून वेल्हंच) वाघाटी म्हणजे जंगलातलं एक मांजरही.

आकार घरच्या मनीएवढाच. पाय जरा लांब, अंगभर काळे ठिपके, कपाळावर पांढरे पट्टे. बिबट्याची पॉकेट एडिशनच म्हणा ना! इंग्रजीत नावही लेपर्ड कॅट. तिची तांबूस ठिपक्यांची चुलत बहीण तर जेमतेम दीड किलोची, जगातल्या सर्वांत छोट्या मांजरांपैकी एक. दोघींची कायम नाइट शिफ्ट. उंदीर, सरडे, पाखरं हा मेन्यू. म्हणजे शेतकऱ्याचं कामही फुकटात.

मागे भातकापणीच्या दिवसांत मढे घाटाजवळ, केळदला मुक्कामाला होते. पुण्याहून आलेल्या एका ग्रुपला खाचराच्या बांधाशी, गवतात एक पिल्लू सापडलं. ठिपकेवालं, मुठीएवढं. लगेच फोटो, लगेच नामकरण आणि लगेच प्लॅन : फ्लॅटवर न्यायचं! ‘बेंगॉल कॅट विकत घ्यायला किती पैसे लागतात माहितीये?’ एकाचा युक्तिवाद. बेंगॉल ही जात अमेरिकेत जीन मिल यांनी लेपर्ड कॅट आणि घरच्या मांजरांच्या संकरातून घडवली. पण हे पिल्लू म्हणजे शंभर टक्के जंगल.

ज्यांच्याकडे आम्ही जेवत होतो, त्या काकूंनी भाकरी थापता थापता एकच विचारलं, ‘त्याची आय रातच्याला कुठं हुडकंल?’

सगळे गप्प. मग बॅटरी घेऊन आम्ही पिल्लू होतं तिथेच ठेवून आलो. सकाळी गवत रिकामं होतं. आईच घेऊन गेली, असं मी मानते. तिथे न ठेवतो, तर तेवढी आशाही उरली नसती.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात या दोन्ही मांजरी बिबट्याच्याच रांगेत, पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना पाळणं हा गुन्हा आहे. आणि एकटं दिसलेलं पिल्लू अनाथ असतंच असं नाही. बऱ्याचदा आई शिकारीला गेलेली असते. तेव्हा पुढच्या वीकेण्डला असं काही दिसलं तर हात लावू नका, लांब व्हा आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. रात्री घाटात गाडीही जरा हळू.

क्यूट आहे म्हणून तर तिला तिच्या घरी राहू द्यायचं!