घोळीचा भाऊबंद

मिसिसिपी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते, हे शाळेत भूगोलात पाठ केलं होतं. पण आयोवातलं डॅव्हनपोर्ट आणि समोरच्या काठावरची इलिनॉयमधली रॉक आयलंड, मोलीन ही गावं जिथे आहेत, तिथे ती पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते. संध्याकाळी सूर्य पाण्याच्या वाटेवरच बुडतो. नोकरीसाठी इथे आलो त्या पहिल्याच आठवड्यात हे पाहिलं आणि काठावर कितीतरी वेळ उभा राहिलो. कोकणातल्या माणसाला नदी मावळतीला जाणारीच माहीत असते. आमची कर्लीही देवबागला तशीच समुद्राला मिळते.

कर्लीच्या मुखाशी माझा आजो गरवायचा. फळीला गुंडाळलेला तंगूस, शिशाचं वजन, गरी आणि गरीला सुंगट, एवढाच त्याचा संसार. तंगूस तर्जनीवर धरून तो होडीत तासन् तास बसे. पाणी गढूळ असो की रात्र असो, त्याला फरक पडत नसे, कारण तो पाण्यात बघतच नसे. मला शेजारी बसवून सांगायचा, "सूत बोटार धर. मासो आधी इचारता, मगे खाता. घाय करू नको, झिला." कधी वल्ह्याचा दांडा कानाला लावून तो खालचं ऐकायचा. ढोम्यांचा थवा खाली असला की दांड्यातून त्यांची गुरगुर वर येते. मी आठ वर्षांचा असताना त्याने मला ती ऐकवली होती.

इथे आल्यावर मी फ्लाय फिशिंग शिकलो. गरीवर पिसं, केस, दोरा बांधून खोटा किडा करायचा आणि त्याने मासा धरायचा. त्या किड्याला जेमतेम वजन असतं, म्हणून इथे दोरीच जड असते. ती हवेत मागेपुढे उलगडत दूर टाकायची. शिकवणारे सगळे ट्राउटवाले. ईशान्य आयोवात झऱ्यांचं थंड, नितळ पाणी आहे, तिथे ते जात. मी मिसिसिपीचं नाव काढलं की माना हलत. ही नदी अर्ध्या मैलाच्या आसपास रुंद, रंग चहासारखा, आणि तळाला कॅटफिश आणि ड्रम. कॅटफिशला कोंबडीची काळजं किंवा वास मारणारा गोळा लावतात, पिसं कोण खाणार? ड्रमचं तर नावही कोणी घेत नसे.

पहिला उन्हाळा पूर्ण कोरडा गेला. आता कारण कळतं. दोरी तरंगणारी होती, त्यामुळे माझा किडा माशांच्या कितीतरी वरून निघून जायचा. आणि मी तो ट्राउटच्या पाण्यात ओढतात तसा भरभर ओढायचो. दुसऱ्या वर्षी बुडणारी दोरी घेतली, आठ नंबरचा रॉड घेतला आणि क्लाउझर बांधायला शिकलो. सस्क्वेहाना नदीवरच्या बॉब क्लाउझर यांनी १९८०च्या दशकात हा प्रकार तयार केला. गरीच्या दांडीवर डंबेलसारखे जड धातूचे डोळे बांधायचे, म्हणजे किडा डोक्यावर खाली जातो आणि गरीचं टोक वर राहतं, दगडात अडकत नाही. मी तो तपकिरी आणि नारिंगी केसांचा बांधतो, क्रेफिशसारखा दिसावा म्हणून. क्रेफिश म्हणजे आपल्या शेवंडीचं गोड्या पाण्यातलं धाकटं भावंड. दगडांच्या फटींत ती भरपूर असतात.

दगड कुठे आहेत हे कळणं हीच निम्मी विद्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, आगबोटींना खोल पाणी मिळावं म्हणून, काठापासून पात्रात आडवे बांध घातले गेले. विलोच्या फांद्यांच्या जुड्या आणि त्यांवर दगड, पुन्हा जुड्या, पुन्हा दगड. त्यांना विंग डॅम म्हणतात. १९३०च्या दशकात धरणं आणि लॉक बांधले, पाणी वर चढलं आणि हे बांध बुडाले. रॉक आयलंडचं धरण १९३४ सालचं. आता ऑगस्टमध्ये पाणी उतरलं की त्या बांधांच्या जागी फक्त एक सुरकुती दिसते. वरच्या अंगाला पाणी जरा फुगतं, खालच्या अंगाला भोवरे फिरतात. या दोन्ही पाण्यांच्या शिवेवर मासा असतो. वाहत्या पाण्यात उभं राहण्याचे कष्ट नाहीत आणि खाणं दारात चालत येतं.

पहिला ड्रम तिथेच लागला, म्हणजे लागायच्या आधी तीन सुटले. दोरी ताणून किडा दगडांवरून हळूहळू सरकवत होतो. एकदम जरासा जडपणा आला, कोणी ओलं फडकं टाकावं तसा. मी ट्राउटच्या सवयीने रॉड वर उचलला आणि किडा त्याच्या तोंडातून निघून आला. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा रॉड काखेत धरला, दोरी उजव्या तर्जनीवर घेतली आणि डोळे मिटले. चौथ्या वेळी तो जडपणा आला, मी थांबलो, आणि तो पुन्हा आला. मग रॉड हलू न देता डाव्या हाताने दोरी सरळ मागे खेचली. इथले जाणकार याला स्ट्रिप सेट म्हणतात. आजो याला काहीच म्हणत नसे, तो फक्त खेचायचा.

ड्रम उड्या मारत नाही. तो तळाला चिकटून, डोकं झटकत, प्रवाहात आडवा होऊन जोर लावतो. दहा मिनिटांनी वर आला तो चार-साडेचार पौंडांचा, पाठीला कुबड, अंगावर रुप्याची झाक आणि वर जांभळट छटा. मी त्याला पाण्यात आडवा धरला आणि त्याने पोटातून आवाज काढला. र्‍र्‍र्‍र्‍, थांबून पुन्हा र्‍र्‍र्‍र्‍. तो आवाज तळहातातून कोपरापर्यंत आला. मग मी शेपटीकडे पाहिलं. कल्ल्यापासून निघालेली बाजूची रेघ शेपटीच्या पंखातून थेट टोकापर्यंत गेली होती. माझी आई ढोमे साफ करायची तेव्हा अशीच रेघ बोटाने दाखवायची.

घरी येऊन शोधलं. ड्रम हा सायनिडी कुळातला आहे. घोळ, ढोमा, कोथ सगळे त्याच कुळातले, आणि उत्तर अमेरिकेत आयुष्यभर गोड्या पाण्यातच राहणारा त्या कुळातला हा एकटाच. हा आवाज नर काढतो, भोताला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीला, लागून असलेले स्नायू थरथरवून. आपल्याकडे ज्या भोतापायी घोळ सोन्याच्या भावाने जातो, तोच भोत इथे ढोलकं होतो. लॅटिन नावातही गुरगुरणारा असाच अर्थ आहे.

तो ड्रम सोडताना शेजारी एक वृद्ध गृहस्थ कॅटफिशसाठी बसले होते. म्हणाले, "शीपहेड आहे तो. काठावर फेकून दे, कचरा मासा." त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, लहानपणापासून ऐकलेलं ते बोलत होते. पण त्यांच्या मागे खडकांवर दोन ड्रम उन्हात वाळत पडले होते, आणि ते बघून मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. जो मासा खायचा नाही त्याला मारायचं का? आमच्याकडे पाग ओढल्यावर नको असलेला मासाही ओल्या हाताने पाण्यात सोडतात.

आणि हा कचरा नाहीच. त्याच्या घशात दाढा आहेत, त्यांनी तो गोगलगाई आणि शिंपले फोडतो. १९९०च्या दशकात बाहेरून आलेले झेब्रा शिंपले या नदीत पसरले, तेही तो खातो. नदीचे मूळचे शिंपले तर त्याच्यावरच अवलंबून आहेत. त्यांची सूक्ष्म पिल्लं माशाच्या कल्ल्याला चिकटून वाढतात, आणि काही जातींना ड्रमचाच कल्ला लागतो. इथून खाली तासाभराच्या आत मस्कटीन गाव आहे. जर्मनीहून आलेल्या जॉन बेपल यांनी १८९१ साली तिथे शिंपल्यांची बटणं करायला सुरुवात केली. १९०५ मध्ये त्या एका गावाने दीडशे कोटी बटणं केली, जगातल्या बटणांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त. गोल भोकं पाडलेले शिंपले तिथे काठावर अजून सापडतात, मी दोन आणून ठेवलेत. जगभरच्या सदऱ्यांना लागलेली ती बटणं ज्या शिंपल्यांतून कातली, त्यांतल्या काहींचं बाळपण या माशाच्या कल्ल्यात गेलं होतं.

एकदा मी ड्रम खाल्ला. धरल्याबरोबर रक्त काढून बर्फात ठेवला, कारण उन्हात अर्धा तास राहिला तर मांस मऊ पडतं. नारळाचा रस, सोलं आणि आईने पाठवलेली तिरफळं घालून कढी केली. मांस पांढरं आणि घट्ट होतं. डोक्यात दोन कानखडे निघाले, हस्तिदंतासारखे, एकेकावर कोरल्यासारखी काटकोनी खूण. इथले लोक ते शुभ म्हणून खिशात ठेवतात. मत्स्यशास्त्रज्ञ कानखडा कापून त्यातली वर्षं मोजतात, आणि मिनेसोटात सत्तरीच्या पुढचे ड्रम अशा मोजणीतून सापडले आहेत. त्यानंतर मी मोठा ड्रम ठेवला नाही. आपल्याहून वयस्कर जीव पातेल्यात घालायला हात उचलत नाही.

कॅटफिशची गोष्ट वेगळी. त्याच्या अंगभर चव कळणाऱ्या ग्रंथी असतात, तो सगळ्या कातडीने नदी चाखतो. पिसांना चव नाही, म्हणून त्याच्या नाकासमोर किडा जवळजवळ थांबवावा लागतो. वर्षात एक वेळ मात्र अशी येते की तो स्वतः वर येतो. जुलैमध्ये उकाड्याच्या रात्री गाळात वाढलेल्या मेफ्लाय एकदम बाहेर पडतात. त्यांचे थवे हवामानखात्याच्या रडारवर पावसासारखे उमटतात आणि पुलांवर खच पडून चाकं घसरतात. विसाव्या शतकाच्या मधल्या काळात सांडपाण्याने नदीचे कित्येक पट्टे मेले तेव्हा हे कीटक तिथून गेले होते. १९७२च्या स्वच्छ पाण्याच्या कायद्यानंतर पाणी सुधारलं आणि ते परतले.

अशा एका रात्री धक्क्याच्या दिव्याखाली भोवऱ्यात किड्यांची साय गोळा झाली होती. त्या सायीत मिशा वर येत होत्या, तोंडं उघडत होती, चपचप आवाज येत होता. मी फोमचा पिवळट किडा टाकला आणि पाण्यासोबत फिरू दिला. तो सायीत दिसेनासा झाला. बोटावर प्रश्न आला, मी थांबलो, मग खेचलं. सहा पौंडांचा चॅनल कॅटफिश वीस मिनिटं अंधारात फिरला. सोडवताना माझा हात घसरला आणि छातीजवळचा काटा अंगठ्याच्या बेचक्यात घुसला. शिंगाळ्याचा काटा कसा लागतो हे आजोने हजारदा सांगितलं होतं. हात दोन दिवस सुजलेला होता आणि ती रात्र मला आजही हवीशी वाटते.

गेल्या जूनमध्ये मित्राच्या होडीतून विंग डॅमच्या खालच्या संथ पाण्यात गेलो. ड्रमच्या विणीचे दिवस होते. इंजिन बंद केलं, नांगर टाकला. लाकडी वल्हं पाण्यात उभं सोडून दांडा कानाला लावला. आधी फक्त पाणी. मग खालून, दूरवरून, एकात एक मिसळलेले पुष्कळ आवाज. मी फोन दांड्याला टेकवून धरला आणि ते भरून घेतलं, सूर्य समोर पाण्यात उतरेपर्यंत.

रात्री ते आईला देवबागला पाठवलं, सोबत काहीच लिहिलं नाही. तिकडे सकाळ झाली होती. तिचा लगेच फोन आला.

"ह्यो ढोमो तुका खंय गावलो रे?"

"न्हंयत," मी म्हटलं.