मोठी मोटारसायकल आणि किहीमची रोजची वाट

अलिबागजवळच्या किनाऱ्यावरील किहीमहून कामाला निघणारा चोंढीला अलिबाग-रेवस रस्त्याला लागतो. तिथून एकीकडे थळचा आरसीएफ खत कारखाना आणि अलिबाग, दुसरीकडे मांडवा. मार्च 2020 मध्ये भाऊचा धक्का-मांडवा रो-रो सेवा सुरू झाली आणि गाडीसकट तासाभरात खाडीपार मुंबई गाठणे शक्य झाले. पेण-वडखळमार्गे तोच प्रवास शंभर किलोमीटरच्या आसपास पडतो.

या रोजच्या वाटेवर मोठी मोटारसायकल घ्यायची, तर आधी तिचे वजन लक्षात घ्यावे. 350 सीसीच्या बुलेटचे वजन दोनशे किलोच्या घरात असते. मोकळ्या रस्त्यावर या वजनाने गाडी जमीन धरून चालते. नाक्यावरच्या कोंडीत मात्र तेच वजन हातापायांवर येते आणि वाऱ्याने थंड होणाऱ्या इंजिनाची धग पोटऱ्यांना लागते.

किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत चेन, चाकाच्या तारा आणि सायलेन्सर लवकर गंजतात. म्हणून गाडी वरचेवर गोड्या पाण्याने धुवावी आणि चेन कोरडी करून तिला तेल द्यावे. पावसाच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचे तेल वर येते. तेव्हा दोन्ही ब्रेक एकदम, पण हलक्या हाताने लावावेत. एवढी निगा राखली की अशी गाडी वर्षानुवर्षे साथ देते आणि कामाला जाणे हाच दिवसातला एक आनंद होतो.